ब्रेकचे पॅड बदलूनही आवाज राहिला, तर कॅलिपरच्या पिना पाहाव्यात
मोटारसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक किंचाळू लागला की पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) बदलावेत आणि विषय संपला, हे मत मला अर्धेच पटते. पॅड झिजले असतील तर ते बदललेच पाहिजेत, यात वाद नाही. परंतु माझ्या 150 सीसीच्या गाडीला पावसाळा सरल्यावर नवे पॅड घातले आणि पंधरा दिवसांतच तोच कर्कश आवाज पुन्हा सुरू झाला. पॅड काढून शेजारी शेजारी धरले, तेव्हा पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा उघड जास्त झिजलेला दिसला. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो आणि बाहेरचा पॅड डिस्कला टेकण्यासाठी अख्खा कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरून ठेवणारा भाग) दोन पिनांवर सरकावा लागतो. त्या पिना चिखलपाण्याने गंजून अडकल्या, तर लिव्हर सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो.

गॅरेजमधल्या घाईत नेमके हेच काम राहून जाते, म्हणून पिना काढून, स्वच्छ पुसून, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावायला आवर्जून सांगावे. साध्या ग्रीसने पिनांवरची रबरी आवरणे (बूट) फुगतात. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिल्या काही दाबांत ब्रेक लागतच नाही, तेव्हा लिव्हर हाताला घट्ट लागेपर्यंत गाडी स्टँडवरून काढू नये.