शीतगृहात ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची साल तपकिरी पडतेय

सांगोल्याहून प्रश्न: मंडळी, मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) भगवा, भाव पडला म्हणून, शीतगृहात ठेवला. महिन्याने काढला तर साल तपकिरी, वर बारीक खड्डे. फोडल्यावर दाणे लालचुटुक, पण मधले पडदे काळपट. तेल्या रोग (जिवाणूंचा करपा) तर नव्हे? जीव तुटतो बघून.

मोहोळ: दादा, तेल्या नाही. त्याचा डाग तेलकट असतो, पुढे फळ तडकतं, आणि तो बागेतच दिसतो. तापमान किती होतं?

सांगोला: २ अंश. शेजारी द्राक्षं होती.

मोहोळ: मग ही थंडीची इजा. द्राक्षाला शून्याजवळची थंडी चालते, डाळिंबाला ५ अंशांखाली सोसत नाही. बाहेर उबेत आणल्यावर डाग आणखी पसरतात, म्हणून आता माल लगेच विका.

पंढरपूर: पुढच्या वेळी ६-७ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के सांगा. आर्द्रता कमी पडली की साल चामड्यासारखी आवळते. आणि काका, डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, पूर्ण तयार फळच ठेवा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे; दोन-चार डागी फळं घेऊन जा, फोटोवर भागवू नका.

सांगोला: सोमवारीच निघतो.