बुद्ध्यंक १२८ : या आकड्यावर कितपत विसंबावे?

जिज्ञासू :
माझ्या भाचीची नुकतीच वेक्सलर पद्धतीची बुद्धिमापन चाचणी झाली आणि तिचा बुद्ध्यंक १२८ आला. तेव्हापासून तिच्या भवितव्याची जणू हमीच मिळाली, अशा थाटात घरात बोलणे चालू आहे. हा आकडा नेमके काय मोजतो आणि पुढील यशाशी त्याचा कितपत संबंध असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोजपट्टी :
१२८ हे परीक्षेतले गुण नव्हेत. ते समवयस्कांमधील स्थान आहे. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १५ धरून हा आकडा काढतात, त्यामुळे सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात आणि १२८ बुद्ध्यंकाचे मूल शंभरातील साधारण ९७ जणांच्या पुढे असते. चाचणी पुन्हा घेतली तर आकडा थोडाफार वरखाली होतोच.

आता मोजले काय जाते? परीक्षक एकेक अंक ठरावीक गतीने उच्चारतो आणि मुलाने ते उलट्या क्रमाने म्हणायचे असतात. लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रातली नक्षी तयार करायची असते. दोन शब्दांमधले साम्य सांगायचे असते. या कामांचा वरकरणी परस्परांशी काही संबंध दिसत नाही, तरीही एकात सरस ठरणारा बहुधा इतरांतही सरस ठरतो. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये यामागे एक सामान्य, म्हणजे या सर्व कामांत समाईक असलेला, घटक असल्याचे मांडले, आणि एकूण बुद्ध्यंक हा प्रामुख्याने त्याचाच अंदाज असतो. चिकाटी, कुतूहल, माणसे सांभाळण्याची हातोटी यांची त्यात मोजदादच नसते.

शालेय गुणांशी बुद्ध्यंकाचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने वरखाली होतात याचे माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.५ आढळतो. मानसशास्त्रात हा भक्कम मानला जातो. पण त्याचा वर्ग केला (०.५ × ०.५ = ०.२५) तर कळते की मुलामुलांच्या गुणांतील तफावतीचा जेमतेम पाव हिस्सा त्यातून उलगडतो. मिळकतीशी असलेला संबंध याहून क्षीण आहे.

साशंक :
मग एवढा बडेजाव कशाला? मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात दीड हजारांवर बुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचे काम हाती घेतले. विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ यांची त्यात निवड झाली नाही, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले!

मोजपट्टी :
हे उदाहरण सर्वांचे लाडके आहे, परंतु त्यातून निष्कर्ष काढताना जपावे. टर्मन यांची मुले एकंदरीने शिक्षणात आणि व्यवसायात सरासरीपेक्षा पुष्कळ पुढे गेली. अर्थात त्यांपैकी बहुतेक मध्यमवर्गीय घरांतली होती, तेव्हा श्रेय बुद्धीला किती आणि घराला किती, हे त्या अभ्यासावरून वेगळे काढणे अवघड आहे. सहसंबंध समूहाविषयी बोलतो, एखाद्या मुलीविषयी भाकीत करण्यास तो तोकडाच पडतो.

जिज्ञासू :
मनःपूर्वक आभार. मग या अहवालाचा उपयोग तरी काय करावा?

मोजपट्टी :
फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी रचली ती कोणत्या मुलांना शाळेत जास्तीची मदत हवी, हे ओळखण्यासाठी. त्याच हेतूने उपचाचण्यांचे, म्हणजे चाचणीतील वेगवेगळ्या भागांचे, आकडे पाहावेत. उदाहरणार्थ, भाषिक आकलन फार वरचे आणि काम उरकण्याची गती त्यामानाने बरीच कमी असेल, तर वेळेच्या बंधनात पेपर सोडवताना तिची ओढाताण होत असण्याचा संभव आहे. त्याविषयी चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना स्पष्ट विचारावे.