रेकॉर्डिंगमध्ये आलेले अनोळखी आवाज: तुमचे अनुभव लिहा

बाबा गेले त्याच्या दहाव्या रात्री त्यांच्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं. सकाळी हेडफोन घालून ऐकत बसले. नुसती पंख्याची घरघर, आणि तीनच्या सुमारास एकदाच, "बाळे". ते मला बाळेच म्हणायचे. भावाला तिथे "टाळे" ऐकू आलं, आईला काहीच नाही.

तेव्हापासून यावर वाचतेय. स्वीडनचे चित्रकार फ्रीड्रिख युर्गेनसन १९५९ मध्ये पक्ष्यांचे आवाज टेप करत होते, त्यात त्यांना माणसं बोलताना ऐकू आली. पुढे तर वारलेल्या आईची हाक! लाटव्हियाच्या कॉन्स्टांटिन राउडिव्ह यांनी नंतर असे हजारो आवाज जमवले. तुमच्यापैकी कुणाला असं काही आलंय का? मोकळेपणाने लिहा.

*

ताई, मी साउंडचं काम करतो. खोली शांत झाली की मोबाइल आपोआप गेन (माइकमधून येणारा आवाज मोठा करायचं प्रमाण) वाढवतो, बारीकशी खरखरही मोठी होते. त्या खरखरीत आपला कान ओळखीचा शब्द शोधत राहतो. सांगलीजवळ एका वाड्यात रात्री शूटिंग होतं. सगळे गप्प, आणि माझ्या ट्रॅकवर बाई बोलतेय! अंगावर काटा आला. नीट ऐकलं तर आकाशवाणीच्या बातम्या. माइकच्या लांब केबलचं शील्ड (आतल्या तारांभोवतीचं धातूचं आवरण) एका टोकाला सुटलं होतं, केबलचीच एरियल झाली होती. सोल्डरचा डाग दिला, आवाज बंद. तुमची क्लिप चारजणांना ऐकवा, पण शब्द आधी सांगू नका. सांगितला की तोच ऐकू येतो.

*

ऐकवली, दादा. तिघांना पंखाच ऐकू आला, मावशीला "पाणी". रात्रभर रडले. पण क्लिप ठेवली आहे.

*

आमच्याकडे आजोबांच्या भजनाच्या कॅसेटवर काकाच्या लग्नातली गाणी भरली होती. टेपचं इरेज हेड मळलेलं असणार, आधीचं नीट पुसलंच गेलं नाही. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत आजोबांचा टाळ आणि खोकला बारीक ऐकू यायचा. ते गेल्यावर आजी तेवढीच जागा मागे-पुढे करून ऐकायची. कॅसेट अजून आहे, आमचा टेप बंद पडलाय. पुण्यात कुणाकडे चालू डेक असेल तर कळवा, आजीला एकदा ऐकवायचंय.