सोसायटी ग्रुप: सायकलवाले पोचले का?

सी-७०४ वहिनी, संध्या. ७:०५
कोणाला आपल्या सायकलवाल्यांचा फोन आला का? ह्यांचा अडीचपासून लागत नाही. लाइव्ह लोकेशनही अडीचलाच थांबलंय. डिसेंबरात सहाला अंधार पडतो. पाचच्या आत गुहागरला पोचून फोन करतो म्हणाले होते.

बी-३०१ काका, ७:०८
काळजी करू नका वहिनी. पण मीटिंगमध्ये मी स्पष्ट म्हटलं होतं, मागे एक गाडी हवी. स्वतःची गाडी द्यायला तयार होतो.

ए-१०२, ७:०९
शेवटचं लोकेशन मुरुड दिसतंय. मुरुडला तर पहिल्या रात्री मुक्काम होता ना? मागे फिरले की काय??

बी-६०३, ७:०९
बापरे. कोणाला लागलं असेल का?

डी-२०४ आजी, ७:१२
अहो, मुक्काम केला ते जंजिऱ्याचं मुरुड. हे हर्णैजवळचं, महर्षी कर्व्यांचं गाव. दोन्हींच्या मधे दिघीची खाडी आणि बाणकोटची खाडी, दोन्हीकडे फेरीबोट. माझं माहेर दापोलीचं. बरोब्बर वाटेवर आहेत पोरं.

ए-१०२, ७:१३
सॉरी आजी 🙏 नकाशात दोन्हीकडे नुसतं मुरुडच लिहिलंय.

बी-११०४, ७:१५
वहिनी, लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त ८ तास चालतं. साडेसहाला हरिहरेश्वरहून निघताना चालू केलं असेल तर अडीचला आपोआप बंद होणारच. पुढे लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा सगळा चढउतार आहे. तिथे रेंज जाते.

सी-७०४ वहिनी, ७:१६
लोकेशनचं कळलं रे. पण पाच जण आहेत. पाचांपैकी एकाचाही फोन लागू नये?

बी-३०१ काका, ७:१८
म्हणूनच म्हणतोय, मागे गाडी असती तर ही वेळ आली नसती.

ए-५०२ ताई, ७:२०
काका, पूर्ण मान ठेवून सांगते, हे तिसऱ्या दिवशी बोलून काय उपयोग? सामान सायकलवरच बांधून जायचं हे त्यांनी ठरवलं होतं.

बी-३०१ काका, ७:२१
मी दोनदाच बोललो. फेरीबोटीत गाड्यासुद्धा चढतात, एवढंच सांगायचं होतं.

डी-९०१, ७:२४
विषय निघालाच आहे तर विचारतो. टी-शर्टवर सोसायटीचं नाव छापलंय. गणपतीच्या शिल्लकीतून पैसे गेले, आम्हाला कोणी विचारलं का?

खजिनदार, ७:२६
साडेआठ हजार. हिशेब नोटीस बोर्डवर लावलाय. लिफ्टची वाट बघताना वाचता येतो.

डी-९०१, ७:२७
जिन्यात सायकली लावतात, त्याचाही हिशेब लावा मग.

सी-७०४ वहिनी, ७:२८
हात जोडते. पाच माणसं अंधारात रस्त्यावर आहेत. टी-शर्ट आणि जिना उद्या.

सेक्रेटरी, ७:२९
वहिनींचं बरोबर आहे. दुसरा विषय आला तर मेसेज काढून टाकेन.

डी-२०४ आजी, ७:३३
दाभोळला भाच्याला फोन केलाय. तो धक्क्यावर बघायला निघालाय. तू दोन घास खाऊन घे गं.

सी-७०४ दादा, ७:५२
सगळे सुखरूप. दाभोळच्या धक्क्यावर आहोत, समोरून फेरीबोट येतेय. आजींचा भाचा भेटला, त्याच्याच चार्जरवर मोबाईल लावलाय. बुरोंडीच्या चढावर परशुरामाचा पुतळा दिसायला लागला आणि बी-८०१च्या सायकलचा हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती) कटकन तुटला. मागचा डिरेलर लोंबकळून चाकात अडकला, दोन आरे वाकले. सकाळी वेसवीला बोटीतून उतरताना सायकल उजव्या अंगावर पडली होती. हँगर तेव्हाच वाकला असणार. आम्ही तपासला नाही, ही आमची चूक. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. दापोलीत दोन दुकानांना फोन केले, नाही मिळाला. शेवटी डिरेलर काढून पिशवीत टाकला, चेन तोडून आखूड केली आणि एकाच गिअरवर बसवली. पहिल्यांदा ढिली राहिली, परत तोडली. दोन तास त्यातच गेले. पुढे प्रत्येक चढाला तो उतरून ढकलत होता, आम्हीही बरोबर चालत आलो.

सी-७०४ वहिनी, ७:५४
देवा. दुकानांना फोन लागले ना? मग घरी का नाही लागला?

सी-७०४ दादा, ७:५७
माझा बंद पडला होता. बी-८०१च्या फोनवरून दुकानं झाली. दर अर्ध्या तासाला वाटायचं, आता धक्का येईल, मग सांगू. चुकलं माझं. उद्यापासून दुपारी एक आणि संध्याकाळी पाच, जिथे असू तिथून मेसेज. रेंज नसेल तर दुकानातल्या फोनवरून.

सी-७०४ वहिनी, ७:५८
लिहून ठेवलंय मी.

सी-३०२ डॉक्टर, ८:०१
खाडीपलीकडे धोपाव्याला उतरून तिथून गुहागर अंधारात चालवणार?

सी-७०४ दादा, ८:०२
नाही डॉक्टर. मागचे लाल दिवे आहेत सगळ्यांकडे, पण अंगात त्राण नाही कोणाच्या. पलीकडे टेम्पो सांगितलाय, सायकली त्यातच.

बी-३०१ काका, ८:०३
म्हणजे शेवटी गाडी लागलीच.

ए-५०२ ताई, ८:०३
काका 🙏

बी-११०४, ८:०६
दादा, तुटलेल्या हँगरचा फोटो टाका, दोन्ही बाजूंनी, स्क्रूची भोकं दिसतील असा. दुकान साडेनऊपर्यंत उघडं आहे, मी आत्ता निघतो. मिळाला की खोपटच्या एसटी स्टँडला जाऊन रात्रीच्या एसटीने पाठवता येतो का विचारतो.

सी-७०४ दादा, ८:११
[फोटो] [फोटो]

बी-३०१ काका, ८:१५
एसटीने नको. बोटाएवढी वस्तू आहे, कुठेतरी पडेल. हँगर माझ्याकडे आणून दे, मी पहाटे चारला चिपळूणमार्गे निघतो. दोन आणायला सांग, पुढे पावसपासून देवगडपर्यंत परत घाट्याच आहेत. गाडीचा मुद्दा माझा तोच आहे. वहिनी, काही द्यायचं असेल तर रात्रीच वॉचमनकडे ठेवा.

सी-७०४ वहिनी, ८:१७
दशम्या आणि लसणीची चटणी ठेवते. पाचांची. आणि तुमची वेगळी.