टॉपस्पिनला स्पिनच मिळत नाही, मदत हवी आहे (सांगली)

विश्रामबागी
दोन महिने झाले, रोज संध्याकाळी तासभर टेबल टेनिस खेळतोय. टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरवणारा फटका) मारला की बॉल नेटमध्ये. मनगट वापरा, बॉलला घासून ब्रश करा, खालून वर जा, व्हिडिओत सांगतात ते सगळं करून झालं. स्पिन कमीच पडतोय. गणपतीतली मंडळाची स्पर्धा बारा दिवसांवर आलीय. ड्रॉ पडलाय आणि पहिल्याच फेरीत आमच्या हॉलमधले काका. त्यांच्याशी मी एकदाही जिंकलेलो नाही. स्पिन वाढवायला नेमकं काय करू? 'सराव करा' असं कृपया सांगू नका, तो चालूच आहे.

मिरज_जंक्शन
बॅट कुठली? रबर किती जुनं? फोरहँड की बॅकहँड? समोरून येणारा बॉल कटचा (उलट फिरणारा) असतो की साधा? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

विश्रामबागी
फोरहँड. बॅट चांगली आहे, दोन हजारांची. बॉल नेहमीसारखाच येतो.

अडतीस_एमएम
स्पिन मिळणार कुठून? २००० साली बॉल ३८चा ४० मिलिमीटर केला, २००८ मध्ये स्पीड ग्लू (वेग आणि फिरकी वाढवणारा, रबर चिकटवायचा गोंद) बंद झाला, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं. दर वेळी फिरकी थोडी कमीच झाली. आम्ही २१ पॉइंटचा गेम खेळायचो तेव्हा लूप (जड टॉपस्पिन) मारलेला बॉल टेबलावर पडून साप सरकल्यासारखा निघायचा.

मिरज_जंक्शन
सर, मान्य. पण काकाही त्याच बॉलने खेळतायत. याचा बॉल नेटमध्ये का जातोय ते बघूया.

कवठेमहांकाळ_एक्सप्रेस
भावा, रबर बदल. तयार बॅटचं रबर म्हणजे सहा महिन्यांत पाटी. चायनीज टॅकी (चिकट) रबर लाव, हरिकेन ३. पुसून बॉल दाबलास तर क्षणभर चिकटून राहतो. मी लावलं आणि आठवड्यात फरक पडला.

रेषा_४०
दोन महिने खेळलेल्याला हरिकेन सांगू नका हो. त्याचा स्पंज कडक असतो, पूर्ण स्विंग नसेल तर बॉल मेल्यासारखा जातो. यासाका मार्क फाइव्ह हे रबर १९६९ पासून बाजारात आहे ते उगाच नाही. आधी आहे ते रबर तरी बघा. विश्रामबागी, बॅट ठेवता कुठे?

विश्रामबागी
गाडीच्या डिकीत. का?

रेषा_४०
उन्हात डिकी तापते, पावसात आत दमट होतं, रबराला दोन्ही वाईट. ओल्या स्पंजने हलकं पुसा, वाळू द्या आणि बोट घासून बघा. कडेला बोट अडकतं आणि मधोमध सुळकन सरकतं, असं असेल तर रबर गेलंय.

आणखी एक. स्केचपेनने बॉलच्या पोटावरून गोल रेघ ओढा. रेघ पुढेमागे उभी ठेवून बॉल एका हाताने सोडा आणि बॅटने वर ब्रश करा. रेघ स्थिर राहून फिरत गेली तर फटका सरळ आहे. ती वेडीवाकडी झाली की बॅट तिरकी लागतेय. मी मुलांना हेच आधी करायला लावते.

वारणेचा_वाघ
सर्व्हिसवर लक्ष द्या. बॉल तळहातावरून किमान १६ सेंटिमीटर वर गेला पाहिजे. बॉलच्या खालून पातळ कट घ्या, बाउन्स नेटजवळ ठेवा. सर्व्हिसच घेता आली नाही तर काका काय करणार?

मिरज_जंक्शन
त्यांनी सर्व्हिसचं विचारलेलंच नाही दादा.

जुनी_सायकल
आमच्या सरांनी व्हरांड्यात सायकलचं मोकळं चाक टांगलं होतं, टायरसकट. टायरला बॅट नुसती चाटवून चाक फिरवायचं. जोरात मारलं की चाक डुलतं, फिरत नाही. घासलं की भिंगतं. पहिल्या दिवशी माझा अंगठा दांड्यावर इतका घट्ट होता की नख पांढरं पडलेलं. सर म्हणाले, चिमणी धरल्यासारखी धर. पकड सैल झाली आणि मनगट आपोआप सुटलं. अजून आठवतंय.

सौ_मिरजकर
आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सांगलीत लहान मुलांना टेबल टेनिस शिकवणारं कुणी आहे का? घराजवळ सगळीकडे क्रिकेटच.

अडतीस_एमएम
विजय हजारेंच्या गावात क्रिकेटच असणार ताई. मुलाला आत्ताच टेबलावर न्या, नऊ हे उत्तम वय.

मिरज_जंक्शन
विश्रामबागी, एक नीट सांगा. काकांना मारलेला पहिला टॉपस्पिन जातो की तोही नेटमध्ये?

विश्रामबागी
पहिला जातो. चांगला जातो खरं तर. ते बॅट पुढे धरून ब्लॉक करतात, तो बॉल हळू येतो. मी दुसरा मारला की नेटमध्ये. दर वेळी. म्हणून वाटतं दुसऱ्याला माझा स्पिन कमी पडतो.

मिरज_जंक्शन
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! काकांच्या बॅकहँडच्या रबरावर दाणे आहेत का? उंच, मऊ, बाहेर आलेले?

विश्रामबागी
हो, काळ्या बाजूला दाणे आहेत. मला वाटलं जुनं रबर असेल.

मिरज_जंक्शन
लाँग पिंपल. त्या दाण्यांवर बॉलची पकड बसत नाही, त्यामुळे तुमचा स्पिन ते उलटवत नाहीत. बॉल ज्या दिशेने फिरत होता तसाच फिरत परत येतो. तुमच्याकडून निघताना टॉपस्पिन, परत येताना तुमच्यासाठी तोच कट. पहिला जितका जोरात ब्रश कराल, दुसरा तितका जड कट होऊन येणार. तुम्हाला स्पिन वाढवायचाय आणि तोच तुमच्या अंगावर येतोय.

रेषा_४०
अगदी बरोबर. जोरदार टॉपस्पिननंतरचा बॉल कटचाच समजा. एक तर पुश करा (बॉलखालून बॅट हलकी सरकवून परत द्या), नाहीतर गुडघे वाकवून बॅट गुडघ्याजवळून आणा, बॅटचं तोंड जवळजवळ उभं ठेवा आणि बॉल थोडा खाली येऊ देऊन वर उचला. पहिल्या फटक्यासारखं तोंड मिटून (बॅट पुढे झुकवून) पुढे गेलात की नेट ठरलेलं. उलट तुम्ही कट दिलात तर त्यांच्या दाण्यांवरून तो हलक्या टॉपस्पिनसारखा येतो, तो खुशाल मारा. मध्येच एखादा स्पिन नसलेला, सरळ लांब बॉल द्या. त्यावर दाण्यांना परत द्यायला काही उरत नाही.

अडतीस_एमएम
लाँग पिंपलवर बंदीच घातली पाहिजे. स्वतः काही न करता समोरच्याचा स्पिन परत करायचा, हा कुठला खेळ?

कवठेमहांकाळ_एक्सप्रेस
असं कसं ओ सर? २०१८ च्या राष्ट्रकुलला मनिका बत्राने एकेरीचं सुवर्ण जिंकलं ते लाँग पिंपल घेऊनच. रबर मान्यताप्राप्त असलं की झालं. समोरच्याला कळावं म्हणून तर एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या रंगाची ठेवावी लागते.

रेषा_४०
आणि सामन्याआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघायचा हक्क नियमानेच आहे. काकांकडे आदराने मागा, दाण्यांवरून बोट फिरवा, कुठल्या रंगाला काय आहे ते डोक्यात पक्कं करा.

विश्रामबागी
आज प्रयत्न केला. रबर पुसलं, मधे खरंच सुळसुळीत झालंय, नवीन बघतो. एक टॉपस्पिन, मग पुश, असं खेळलो. ५-११ आणि ९-११ हरलो, पण दुसऱ्या गेममध्ये सलग चार पॉइंट घेतले. काका म्हणाले, "कुणी सांगितलं रे तुला?" पण शेवटी शेवटी पुश केलेले बॉल उंच उडायला लागले आणि ते स्मॅश करत होते. ते का?

जुनी_सायकल
ते रॅलीत बॅट हातात फिरवतात का? काळी मागे आणि लाल पुढे आली असेल तर तो ब्लॉक टॉपस्पिनच येणार, आणि त्याला पुश केलात तर उडणारच.

विश्रामबागी
ते बघितलंच नाही मी. उद्या बॉलऐवजी त्यांच्या हातावर नजर ठेवतो.

रेषा_४०
बॉलऐवजी नको! त्यांनी बॉलला बॅट लावायच्या क्षणी रंग बघायचा, मग नजर लगेच बॉलवर.