गावच्या समितीत नाव टाकून रायले, हो म्हणू का नको?

तूरवाला_यवतमाळ:
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं लहानसं गाव हाय आमचं, नाव नाही लिहत कारण गावातले एकदोघं इथं पण असतातच. मी आधी पुण्यात कंपनीत होतो, आता वापस येऊन घरची शेती पाहतो, कपाशी अन तूर, अन लहान भावाचं गावातच हार्डवेअरचं दुकान हाय (हे काऊन सांगून रायलो ते पुढं येते). पोरगी झेडपीच्या शाळेत दुसरीत. तर हेडमास्तर म्हणाले शाळा व्यवस्थापन समिती नवीन बनवायची हाय, तुम्ही या, मी म्हटलं पाहतो. ही गोठ सरपंचापर्यंत कशी गेली माहीत नाही पण लगेच त्याहीचा फोन, शिकलेला माणूस हायेस बाप्पा, तंटामुक्तीत पण नाव टाकतो अन ती आरोग्य पोषणवाली समिती हाय तिच्यात पण टाकतो. म्हणजे बसल्याजागी तीन समित्या, अन तुले वेळ हाय का हे एकानंही नाही इचारलं.

घरात दोन पार्ट्या. बाबा म्हणतात कायले पडतं त्याच्यात, आज गावात साऱ्याशी बोलणं हाय, एकदा समितीत गेला की अर्धं गाव तोंड फिरवते. बायको म्हणते शाळेत जा, पोरगी तिथं हाय, बाकी कुठी नको. मले सोताले वाटते गावात राह्यचं तर कायतरी केलं पाह्यजे, नुसतं पारावर बसून सरपंचाले शिव्या देऊन काय होते. पण खरंच काम होते का या समित्याईत, का नुसत्या सह्या? पैशाच्या भानगडीत आपण अडकू शकतो का? अन भावाच्या दुकानाचा काही लोचा होईन का? ज्याहीनं केलं हाय त्याहीनंच सांगा, ऐकून सांगणारे नको.

काळी_माती_अकोला:
भाऊ राग नको मानू पण सरपंचाले शिकलेला माणूस नाही पाह्यजे, शिकलेल्या माणसाची सही पाह्यजे. आमच्या गावात समितीची मिटिंग कधी झाली हे मेंबरलेच माहीत नसते. शिपाई रजिस्टर घेऊन वावरात येते, तू डवऱ्यामागं असतं, तो म्हणते भाऊ इथं एक सही मारा, तपासणीवाले साहेब बसले हायेत, तू बी मातीच्या हातानं मारून देतं. वर काय लिवलं ते कोण वाचते. मंग कधीतरी ऑडिटमध्ये निघते की तुह्या सहीनं भिंतीची रंगरंगोटी झाली, अन भिंत पाहाले जा तर पोपडे. तंटामुक्तीचं तर बोलूच नको, 2007 साली निघाली तेव्हा बक्षिसासाठी गावोगाव जोर होता, आता कित्येक ठिकाणी काम काय तर पळून गेलेल्या पोट्टापोट्टीचं लग्न लावून देणे अन फोटो पेपरले पाठवणे. चांगलंच हाय ते, पण त्याच्यासाठी तू कायले पाह्यजे. बाबाचं ऐक.

निवृत्त_गुरुजी_वर्धा:
मी झेडपी शाळेत मुख्याध्यापक होतो, म्हणजे त्या समितीचा सचिव, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. रजिस्टर वावरात फिरतं हे खरं आहे, नाकारत नाही. पण तुमच्या सहीसाठी शिपायाला चिखल तुडवत यावं लागतं याचा अर्थ काय, तर तुमच्याशिवाय अडतं. समिती निकामी असती तर सहीला कोण कशाला आलं असतं.

शाळा व्यवस्थापन समिती ही कोणाची मेहरबानी नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मधली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि आपल्याकडे अध्यक्ष पालकांतूनच होतो. म्हणून सरांनी तुम्हाला बोलावलं ते ठीक पण नाव पालकसभेत सगळ्यांसमोर पुढे आलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणीही म्हणेल सरांनी आपली माणसं भरली. काम म्हणाल तर शाळेचा विकास आराखडा, अनुदान कुठे खर्च झालं, पोषण आहार, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोरं शाळेत येतात का. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी कशी घसरते ते तुम्हाला सांगायला नको, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं वेगळीच. कुठल्या घराला कुलूप लागलं हे मास्तरला कळायच्या आधी मोहल्ल्यातल्या बाईला माहीत असतं. माझ्या समितीत भाषण करणारे पुष्कळ होते पण उपयोग झाला तो अशा दोन-तीन आयांचा, ज्या सभेत कधी तोंड उघडत नव्हत्या आणि सभा संपल्यावर दारात थांबून सांगायच्या की सर अमक्याची पोरगी भावाला सांभाळायला घरी ठेवली आहे.

आता रजिस्टर. कुठल्याही सभेचा अजेंडा काढून पाहा, पहिला विषय ठरलेला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, आणि शेवटचा पण ठरलेला, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. लोक मधल्या विषयांवर भांडतात आणि या दोघांकडे कोणी पाहत नाही. पहिल्याला "वाचलं असं समजा" म्हणून पुढे सरकतात, तिथेच अडायचं, वाचा म्हणायचं, कारण मागच्या वेळी आपल्यासमोर जे ठरलं तेच लिहिलं गेलं का हे पाहायची ती जागा आहे. ऐनवेळच्या विषयात खर्चाचा ठराव आला तर पुढच्या सभेत रीतसर घ्या म्हणायचं. पटलं नाही तर गप्प बसून घरी आल्यावर बायकोजवळ चिडचिड करण्यात अर्थ नाही, माझा विरोध नोंदवा असं म्हणा, लिहिलेलं डोळ्यांनी पाहा, मग सही, सहीखाली तारीख. वर जागा मोकळी सोडलेल्या पानावर सही नाही म्हणजे नाही, साहेब जीप चालू ठेवून बसले असले तरी. यात तुम्ही वाईट होत नाही, पहिल्यांदा लोक कुरकुरतात, मग सचिव आपोआप नीट लिहायला लागतो. मीच लागलो असतो!

भावाचं दुकान. तुम्ही समितीत असेपर्यंत शाळेला एक कुलूपसुद्धा त्या दुकानातून जायला नको, कोटेशनही नको, त्याचा भाव सगळ्यात कमी असला तरी नको. हे भावाला आत्ताच सांगा. आणि तीन समित्या एकदम घेऊ नका.

तूरवाला_यवतमाळ:
गुरुजी लय आभार. भावाले सांगितलं तर तोंड वाकडं केलं त्यानं, म्हणे तू मेंबर होतं अन धंदा माहा बसवतं. समजावतो त्याले. ते आरोग्यवाल्या समितीचं कोणी सांगा ना, तिची मिटिंग झाली असं आमच्या गावात मी कधी ऐकलंच नाही.

आशाताई_बुलडाणा:
मी आशा आहे त्यामुळे ही समिती माझ्या डोक्यावरच बसलेली असते 😄 पूर्ण नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून गावाला वर्षाचे 10 हजार रुपये अबंधित निधी म्हणून असतात, येतात तेव्हा येतात. त्याच्यात अंगणवाडीचा वजनकाटा दुरुस्त करा, फिनेल आणा, रात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडी करा, असं. रक्कम लहान म्हणून मोठे लोक इकडे पाहत नाहीत आणि म्हणूनच भांडणं पण कमी, नवीन माणसाला शिकायला बरी आहे ही समिती.

पण खरं काम पाण्याचं आहे दादा. मी खारपाणपट्ट्यातली, पूर्णेच्या दोन्ही अंगाचा पट्टा, अकोला अमरावती अन आमचा बुलडाणा, बोअर मारा की खारं पाणी, अन लोकं पिढ्यान्‌पिढ्या तेच पीत आले. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या 5 बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग देऊन किट द्यायची असते. आमच्या इथं ट्रेनिंग झालं, फोटो झाला, अन किट कपाटात गेली. मग समितीत एक रिटायर फौजी काका आले, त्यांनी दुसरं काही केलं नाही, दर मिटिंगला एकच प्रश्न, किट कुठं आहे. सगळे हसायचे त्यांना. शेवटी कंटाळून काढून दिली अन आता बायका हापशाचं पाणी स्वतः तपासतात. पावसाळ्यात टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकीत रोज पडते का, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उतरलं का ते पाहायची) होते का, हे पण असंच कोणीतरी विचारत राहिलं तरच होते. आम्ही आशा अन अंगणवाडीताई बोललो तर म्हणतात यांना मानधन मिळते म्हणून बोलतात (किती मिळते अन कधी मिळते तो विषय काढू नका). बाहेरचा माणूस बोलला की ऐकतात.

झाडीपट्टी_गडचिरोली:
मी आमच्या गावच्या वनहक्क समितीत आहे, जंगलावरच्या गावाच्या हक्कांचं पाहते ती. गुरुजींचं रजिस्टरचं बरोबर आहे पण मला ते अर्धंच वाटते. रजिस्टर तुम्ही एकट्यानं वाचलं तर तुम्ही एकटे शहाणे झाले, गावाचं काय? आमच्याकडे अर्ध्या म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही पण मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हिशोब कोणाचा किती तो त्यांना तोंडपाठ. म्हणून हिशोब ग्रामसभेत मोठ्यानं वाचतो, कोणत्या घरानं किती तेंदूपत्ता फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) आणला, ठेकेदाराकडून काय आलं, खात्यात काय राहिलं. चुकलं की मागून कोणी ना कोणी आवाज देतेच. आमच्या समितीचा नियमच तसा, 10 ते 15 जण, दोन तृतीयांश आदिवासी, निदान एक तृतीयांश बाया, अन सगळे ग्रामसभेनं निवडलेले. समिती ग्रामसभेची नोकर, मालक नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं, 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला त्यांना. त्यांच्याकडे निर्णय बहुमतानं नाही होत, एकाचं जरी नाही असलं तर पुन्हा बसतात. लोक जाऊन फोटो काढून येतात, पण त्या गावात अभ्यासगट बसतो, आधी विषय समजून घेतात अन मग ठरवतात, ते शिकून येत नाही कोणी.

तुमच्या इकडे जंगल नसेल तरी महिला ग्रामसभा तर आहे ना, मोठ्या ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते ती. घेतात का विचारा. बहुतेक ठिकाणी अंगणवाडीत चहा अन सह्या. वहिनींना पाठवा तिथं.

अन तंटामुक्तीबद्दल. धुऱ्याचं भांडण, पाटाच्या पाण्याचं भांडण गावात मिटलं तर चांगलंच. पण नवरा मारतो म्हणून बाई आली की तिलाच समजावून वापस पाठवतात, बॉण्डवर लिहून घेतात पुन्हा मारणार नाही, अन झालं मिटलं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतो, तिला तिकडे पाठवायचं असते. हे तिथं बसून तोंडावर बोलायची हिंमत असेल तर जा तंटामुक्तीत, नसेल तर नका जाऊ.

काळी_माती_अकोला:
ताई तुमच्या इकडची ग्रामसभा वेगळी. आमच्या इकडं 15 टक्के मतदार नाही तर 100 जण, जे कमी असन तेवढा कोरम लागते, तेवढेही येत नाही. मंग सभा तहकूब, अन तहकूब सभेले कोरमची गरजच नाही. दहा-बारा जण बसून साऱ्या गावाचा विकास आराखडा सर्वानुमते मंजूर! वित्त आयोगाचा पैसा कुठी लावाचा ते तिथं ठरते अन आपण चौकात येऊन इचारतो नाली काऊन नाही झाली.

निवृत्त_गुरुजी_वर्धा:
सोयाबीन काढणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा ठेवली तर कोण येणार, तुम्ही तरी जाल का? वेळ कोणाच्या सोयीची आहे ते आधी पाहा. बरेचदा कोरम कमी पडत नाही, पाडला जातो. संध्याकाळी मजूर वावरातून आल्यावर सभा ठेवा म्हणून पन्नासेक लोकांच्या सह्यांचा अर्ज द्या, ते काम समितीत नसलेला माणूस पण करू शकतो. तुम्हीसुद्धा, काळी माती.

झाडीपट्टी ताईंचं मान्य आहे. मोठ्याने वाचायला सांगावं हे मी आधीच लिहायला हवं होतं असं नाही म्हणणार, शाळेच्या समितीत वीस जणही नसतात, पण पालकसभेत नक्की वाचावं.

तूरवाला_यवतमाळ:
साऱ्याईचे आभार. तर असं ठरवून रायलो की शाळेची घेतो, पालकसभेत नाव आलं तरच. तंटामुक्तीले नाही सांगतो, ताईनं लिवलं तसं तोंडावर बोलणं मले आज तरी जमणार नाही, चुलतेच बसतात तिथं. आरोग्यवालीचं डोक्यात हाय पण आधी एक नीट करून पाहतो, तवर किट कुठं हाय हे तर मी मेंबर न होताही इचारू शकतो ना? बायको म्हणते महिला ग्रामसभा असते हेच तिले माहीत नव्हतं, ती अन शेजारच्या दोघी जाणार हायेत. एकच शेवटचं, शाळेचं जुनं रजिस्टर आधी पाहाले भेटते का, का माहितीचा अधिकार टाका लागते?

निवृत्त_गुरुजी_वर्धा:
लगेच माहितीचा अधिकार नको हो. 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला की 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, पण हेडमास्तरशी पुढची दोन वर्षं तुम्हाला बसायचं आहे. सदस्य झालात की शाळा सुटल्यावर जा, सर मागचं रजिस्टर जरा वाचतो म्हणा, चहा ते स्वतः मागवतील. टाळाटाळ दिसली तर साध्या कागदावर लेखी मागा आणि पोच घ्या. त्यानंतरही नाहीच दिलं तर तिकीट लावा.

काळी_माती_अकोला:
अन हो, किटचं काय झालं ते इथं लिवजो. आमच्या गावात पण इचारून पाहतो, मजा म्हणून.