ॲल्युमिनियमला 'पाणी देणे' म्हणता येईल का?

कृष्णाकाठ: कुपवाड एमआयडीसीतून खिडकीच्या चौकटीसाठी ॲल्युमिनियमचे सेक्शन, म्हणजे तयार आकाराच्या लांब पट्ट्या, आणले. विकणारा म्हणाला, "पाणी दिलेला माल आहे." महिन्याभरात चौकटीला बाक आला. मालाचं भांडण तिकडं करतोच, इथं प्रश्न शब्दाचा. ऊसतोडीच्या कोयत्याला लोहार पाणी देतो, तेच का हे?

भट्टीवाला: छे, जवळजवळ उलटं. कोयत्याचं पोलाद लाल करून बुडवलं की तिथल्या तिथं कडक. खिडकीच्या सेक्शनला लागणाऱ्या 6063 नंबरच्या ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम 0.45 ते 0.9 टक्के, सिलिकॉन 0.2 ते 0.6. डायमधून, म्हणजे साच्यातून, 500 अंशांच्या आसपास सेक्शन निघतो तेव्हा दोन्ही आत विरघळलेले असतात. झटकन गार केला की तसेच अडकून राहतात आणि माल मऊच राहतो. ताकद येते पुढे, 180 अंशांच्या भट्टीत सहा-आठ तास ठेवल्यावर. आम्ही एजिंग म्हणतो. तुमचा माल बहुतेक भट्टी न बघताच आलाय.

मिरजेची सुगरण: म्हणजे कुरडईच की! साच्यातून पडते ती ओली, कडक होते उन्हात. 'वाळवणे' म्हणा.

भट्टीवाला: ताई, वाळताना पाणी निघून जातं. इथं बाहेर काहीच जात नाही. विरघळलेलंच आतल्या आत बारीक कणांनी जमतं आणि धातूचे थर घसरायला लागले की आडवं येतं. 6063 ची ताणशक्ती, म्हणजे ओढून तुटेपर्यंतचा जोर, तापवून सावकाश गार करून पूर्ण मऊ केलेला असताना 90 मेगापास्कल, भट्टीत ठेवलेल्या मालाच्या टी5 प्रतीला साधारण 185, त्याहून कडक टी6 ला 240. थोडं तांबं असलेला 6061 टी6 ला 310 पर्यंत जातो, पण साच्यातून ढकलणाऱ्या प्रेसला घाम फोडतो आणि गार करायला बहुतेक वेळा पंख्याच्या वाऱ्यावर भागत नाही, पाणीच लागतं.

जुना मास्तर: एजिंगला 'कालकठिणीकरण' कुणी सुचवायच्या आत हात जोडतो. 'मुरवणे' घ्या. 1906 साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांचा तांबं-मॅग्नेशियम घातलेला तुकडा गार केल्यावर नुसता पडून होता. काही दिवसांनी बघतात तर आपोआप कडक! लोणचं तरी वेगळं काय करतं?

मिरजेची सुगरण: मास्तर, मुरताना बाहेरचं मीठ फोडीत शिरतं. हे तर तुपाला कणी धरावी तसं. एकदम गार केलेलं तूप गुळगुळीत, सावकाश निवलेलं रवाळ.

भट्टीवाला: पटलं! फक्त आमची कणी डोळ्याला दिसायची नाही इतकी बारीक हवी. भट्टीत जास्त राहिली तर कणी मोठी, पण विरळ होते आणि ताकद उतरते. कामाला 'मुरवणे', आत घडतं त्याला 'कणी धरणे'. दोन्ही ठेवू.

कृष्णाकाठ: मग टी6 घेतला असता तर बाक आला नसता?

भट्टीवाला: कायमचा बाक सहसा नसता आला. भार असेपर्यंत लवणं मात्र तेवढंच. 'ताठपणा' हा वेगळा शब्द, तो मुरवून वाढत नाही. त्याला सेक्शनच खोल किंवा जाड हवा. बिलावर टी किती लिहिलंय?

कृष्णाकाठ: 'सेक्शन, 14 किलो.' एवढंच.